सरळ रस्त्याच्या शेवटी लीन होणारं इंजिन: घरी बनवलेल्या एअरबॉक्सचं आणि पोर्टिंगचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हौशी शर्यतींत धावणारी एक मोटरसायकल. तिचं मिश्रण लीन होत होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत होतं. एकच सिलिंडर, दोन व्हॉल्व्ह, एअर-कूल्ड इंजिन. बोअर ६३.५ मिमी, स्ट्रोक ६२.२ मिमी, म्हणजे १९७ सीसी. इनटेक व्हॉल्व्ह ३१ मिमीचा, त्याची लिफ्ट (उघडण्याची उंची) ८ मिमी. कार्ब्युरेटर ३० मिमीचा सीव्ही जातीचा (डायफ्रामने स्लाइड उचलणारा). पेट्रोल टाकीतून उताराने खाली येतं, फ्युएल पंप नाही. पंप नसणं आणि फ्लोट बाऊलचा (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीचा) व्हेंट, म्हणजे हवेची वाट, बाहेर मोकळ्या हवेत असणं, या दोन गोष्टींभोवती पुढचं सगळं फिरतं.

गाडीवर दोघं काम करत होते: एक रायडर आणि एक ट्यूनर. शर्यतीच्या वर्गात कॅम आणि कॉम्प्रेशनला हात लावायला मनाई होती, पण पोर्ट (हेडमधली हवेची वाट), एअरबॉक्स (कार्ब्युरेटरला हवा देणारा डबा) आणि जेटिंग (पेट्रोल मोजणाऱ्या भोकांची मापं) मोकळं होतं. त्यामुळे जे काही मिळवायचं ते हवेच्या वाटेतूनच मिळवावं लागणार होतं.

सुरुवातीचे आकडे नीट नोंदवलेले होते. मागच्या चाकाला ८,४०० आरपीएमवर १७.२ अश्वशक्ती, ६,००० आरपीएमवर १५.४ न्यूटन-मीटर टॉर्क, आणि छोट्या सर्किटवर ७४.६ सेकंदांचा लॅप. कंपनीचा एअरबॉक्स सीटखाली होता आणि सिलिंडरच्या मागची तापलेली हवा ओढत होता. आतल्या हवेचं तापमान बाहेरच्यापेक्षा साधारण १४ अंशांनी जास्त भरत होतं. हा आकडा वहीत होता, पण पहिल्या फेरीत त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

अडचण

सर्किटवर एकच लांब सरळ पट्टा होता. त्याच्या शेवटी गाडी १४५ किमी/तासाच्या आसपास पोचायची आणि शेवटच्या शंभरेक मीटरांत दमायची. बरोबरीच्या गाड्या तिथेच पुढे निघून जायच्या. दोघांनी निदान असं केलं की इंजिनला वरच्या आरपीएमला हवा कमी पडते आहे. निदान पूर्ण चुकीचं नव्हतं. ८,५०० आरपीएमला या इंजिनाचा सरासरी पिस्टन-वेग १७.६ मी/से होतो. व्हॉल्व्हचा व्यास, लिफ्ट आणि प्रवाहाचा गुणांक धरून इनलेट माख निर्देशांक (व्हॉल्व्हपाशी हवेचा वेग आवाजाच्या वेगाच्या किती पट, तो आकडा) काढला तर तो ०.६ च्या थोडा वर जातो. हा आकडा ०.६ ओलांडला की सिलिंडर भरण्याची क्षमता झपाट्याने पडते. म्हणजे व्हॉल्व्हपाशी हवा खरोखरच अडत होती.

घोटाळा पुढच्या पायरीला झाला. हवा व्हॉल्व्हपाशी अडत असताना मोठा केला गेला तो पोर्ट. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसंच हे.

पहिली फेरी: तीन बदल एकदम

आधी एक दिवस कोन फिल्टर लावून पाहिला आणि तो लगेच काढून टाकला. सीव्ही कार्ब्युरेटरच्या तोंडाशी पायलट आणि मेन एअर जेटच्या वाटा असतात, आणि डायफ्रामखाली हवा नेणारी वाटही तिथेच उघडते. फिल्टरच्या रबराची कड त्यातल्या दोन वाटांवर अर्धवट बसत होती. शिवाय फिल्टर थेट सिलिंडरच्या मागे आला, त्यामुळे आतली हवा बाहेरपेक्षा २२ अंशांनी गरम झाली. इथे निर्णय योग्य होता.

त्यानंतर मात्र तीन गोष्टी एकाच वेळी केल्या गेल्या.

पहिली, पोर्ट. इनटेक पोर्टचा सर्वांत अरुंद भाग २६ मिमीचा होता, तो घासून २९ मिमी केला. दुसरी, एअरबॉक्स. फायबरग्लासचा ५ लिटरचा हवाबंद डबा टाकीच्या पुढच्या भागाखाली बसवला आणि त्याला ४५ मिमी व्यासाचा, ३५० मिमी लांबीचा तार-विणीचा पाइप जोडला. पाइपचं तोंड नंबर प्लेटच्या मधोमध, थेट वाऱ्यासमोर. वेगाने हवा आत कोंबली जाईल, असा हिशोब. तिसरी, जेटिंग. डायनोवर (चाकाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) हवा-इंधन प्रमाण (पेट्रोलच्या एका भागाला हवेचे किती भाग; आकडा मोठा म्हणजे मिश्रण लीन) १२.८ येईपर्यंत मेन जेट ११८ वरून १२२ वर नेला. जेटचा आकडा भोकाच्या व्यासाचा असेल, तर क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. म्हणजे चार आकड्यांनी पेट्रोल जवळजवळ ७ टक्के वाढलं.

डायनोवर ९,१०० आरपीएमला १८.६ अश्वशक्ती आली. दोघं खूश झाले. ६,००० ला टॉर्क १५.४ वरून १४.२ न्यूटन-मीटरवर घसरला होता, पण शर्यत वरच्या आरपीएमला चालते असं म्हणून ते सोडून दिलं. पहिला खरा निर्णयबिंदू इथे होता. छोट्या सर्किटवर गाडी जवळपास प्रत्येक वळणातून ५,५०० ते ७,००० च्या दरम्यान बाहेर पडते. तिथला ८ टक्के टॉर्क गमावून सरळ पट्ट्याच्या टोकाला कमावलेली अश्वशक्ती लॅपमध्ये दिसत नाही.

लॅप ७५.१ सेकंदांचा आला, आधीपेक्षा अर्धा सेकंद जास्त. तिसऱ्या सत्रात सरळ पट्ट्याच्या शेवटी खडखड ऐकू आली. रायडरने सांगितलं, "पाचव्या गियरमध्ये शेवटी आवाज कोरडा होतो, मग गाडी एकदम सोडून दिल्यासारखी वाटते." स्पार्क प्लग काढला तेव्हा इन्सुलेटर पांढरा फटक होता आणि त्याच्यावर ॲल्युमिनियमचे बारीक राखाडी ठिपके. हेड उघडल्यावर पिस्टनच्या माथ्याची एक्झॉस्टकडची कड वाळूचे कण मारल्यासारखी खरवडलेली दिसली. लीन मिश्रण, त्यातून नॉकिंग (मिश्रणाचा उरलेला भाग आपोआप भडकून बसणारे धक्के). आणखी एक-दोन सत्रं चालवली असती तर पिस्टन वितळून भोक पडलं असतं.

शोध: डायनोवर १२.८, मग रस्त्यावर काय होतं?

पहिला संशय पेट्रोल कमी येण्याचा. टाकीचा कॉक उघडून मापाच्या भांड्यात पेट्रोल काढलं, मिनिटाला ४०० मिलि आलं. या ताकदीच्या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला साधारण १०५ मिलि लागतं. हा संशय फिटला. इनटेकच्या रबराशी गळती आहे का, तेही पाहिलं. आयडलवर सांध्याभोवती कार्ब क्लीनर फवारला, आरपीएम हललं नाही. स्ट्रोबने टायमिंग तपासलं, तेही जागेवर होतं.

मग एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर (हवा-इंधन प्रमाण मोजणारा) आणि सोबत नोंदी ठेवणारा लॉगर बसवून गाडी सर्किटवर नेली. इथे जी चाचणी सुचली ती या प्रकरणातली सर्वांत मोलाची आहे, आणि तिला जास्तीचं कुठलंही साधन लागत नाही. पूर्ण थ्रॉटल आणि ८,५०० आरपीएम, आधी दुसऱ्या गियरमध्ये आणि मग पाचव्या गियरमध्ये. इंजिनाच्या दृष्टीने दोन्ही वेळा काम तेच: तितकीच हवा, तितकीच ओढ, तोच जेट. दुसऱ्या गियरमध्ये, ७० किमी/तासाला, प्रमाण १३.१ आलं. पाचव्या गियरमध्ये, १४५ ला, १४.४.

आरपीएम तेच असताना वेगाबरोबर मिश्रण बदलत होतं, म्हणजे दोष वाऱ्यात होता. खात्रीसाठी नंबर प्लेटमधलं तोंड चिकटपट्टीने बंद केलं आणि पाइपला बाजूने तेवढंच भोक पाडलं. पाचव्या गियरमध्ये प्रमाण १३.० वर आलं.

कारण

कार्ब्युरेटरला हवा मोजता येत नाही. त्याला कळतो तो दोन जागांमधला दाबाचा फरक: एकीकडे फ्लोट बाऊलमधल्या पेट्रोलवरचा दाब, दुसरीकडे व्हेंचुरीतला (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातला) कमी झालेला दाब. या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पेट्रोल जेटमधून वर चढतं. एअरबॉक्समध्ये वाऱ्याने दाब वाढला की व्हेंचुरीतलाही दाब तेवढाच वर जातो. बाऊलचा व्हेंट मात्र बाहेर उघडा असल्याने बाऊलमधला दाब तिथेच राहतो. फरक घटतो आणि पेट्रोल कमी होतं, तेही नेमकं हवा जास्त येते तेव्हा.

किती घटतो ते मोजण्यासाठी पारदर्शक नळीचा यू-आकाराचा मॅनोमीटर बनवला. नळीत रंगीत पाणी, एक टोक एअरबॉक्समध्ये, दुसरं बाऊलच्या व्हेंटजवळ. नळी टाकीवर पट्टीशेजारी चिकटवली आणि वर छोटा कॅमेरा लावला, म्हणजे रायडरला खाली पाहायची गरज उरली नाही. १४५ किमी/तासाला वाऱ्याचा पूर्ण गतिज दाब सुमारे ९७० पास्कल, म्हणजे ९९ मिमी पाणी. एअरबॉक्समध्ये त्यातला ७० मिमी पोचत होता. पण नळीतला फरक ८५ मिमी दिसला, कारण व्हेंटचं टोक इंजिनाशेजारून सुसाट जाणाऱ्या हवेत लोंबकळत होतं आणि तिथे दाब वातावरणापेक्षा १५ मिमी कमी होता. अशी चोरटी १५ मिमी अनेक गाड्यांत असते. गाडीला फेअरिंग (वारा कापणारं आवरण) लावल्यावर जेटिंग बिघडतं त्याचं एक कारण हेच.

८५ मिमी पाणी म्हणजे सुमारे ८३० पास्कल. या कार्ब्युरेटरला ८,५०० आरपीएमवर व्हेंचुरीत साधारण ४ किलोपास्कल ओढ मिळते. चारातून ०.८३ गेले, उरले ३.१७. वर्गमूळ काढलं की पेट्रोल ११ टक्क्यांनी कमी. १२.८ ला ०.८९ ने भागलं तर १४.४ येतं. सेन्सरने दाखवलेला आकडा हाच.

डायनोवर हे दिसणं शक्यच नव्हतं. तिथला पंखा सिलिंडर थंड ठेवण्यापुरता असतो, १४५ किमी/तासाचा वारा तो एअरबॉक्सच्या तोंडावर घालत नाही.

पुढे काय, यावर तोललेले पर्याय

सगळ्यांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे जेट आणखी मोठा करणं. १२२ च्या जागी १२९ घातला की १२ टक्के पेट्रोल वाढतं आणि सरळ पट्ट्याच्या टोकाला प्रमाण जमून येतं. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. ७० किमी/तासाला तो १४५ च्या जेमतेम चौथा हिस्सा असतो. म्हणजे वळणातून बाहेर पडताना त्याच जेटने मिश्रण १२ च्याही खाली, जड आणि चोंदलेलं होणार. ठरलेल्या भोकाच्या जेटला गाडीचा वेग कळत नाही. हा पर्याय लगेच बाद झाला.

दुसरा मार्ग शास्त्रशुद्ध: बाऊलचा व्हेंट एअरबॉक्समध्ये न्यायचा. मग दोन्हीकडचा दाब बरोबरच चढतो आणि फरक शाबूत राहतो. मोठ्या गाड्यांत हे काम पूर्वीच झालं आहे. कावासाकीच्या १९९० च्या झेडझेड-आर ११०० ने रॅम एअर (वाऱ्याने हवा आत कोंबण्याची पद्धत) रस्त्यावरच्या गाडीत आणली. पण आपल्या गाडीला पंप नाही, आणि अडचण तिथेच होती. टाकी भरलेली असताना बाऊलच्या वर पेट्रोलची उंची २०० मिमी होती. पेट्रोलची घनता ०.७४ धरली तर ती १४८ मिमी पाण्याइतकी. बाऊलमध्ये ७० मिमीचा दाब खालून वर ढकलतो, उरले ७८. शर्यतीच्या शेवटी टाकीत उंची ९० मिमी राहते, म्हणजे ६७ मिमी पाणी. ढकलणारा दाब ७० आणि उतरणारा ६७, म्हणजे पेट्रोल येणंच थांबलं. ज्या लीनपणापासून सुटायचं होतं तोच शेवटच्या लॅपमध्ये वेगळ्या दाराने आत आला असता. टाकीचा श्वासही एअरबॉक्सला जोडला तर हा तिढा सुटतो, पण मग टाकीचं झाकण, त्यातला व्हॉल्व्ह आणि प्रत्येक सांधा हवाबंद हवा.

तिसरा पर्याय कमी दाबाच्या पंपाचा. उताराच्या पेट्रोलसाठी बनलेली फ्लोट नीडल (बाऊल भरल्यावर पेट्रोल अडवणारी सुई) पंपाचा दाब धरेल याची शाश्वती नसते, म्हणून रेग्युलेटर लागतो, आणि पडल्यावर पंप बंद करणारा स्विच असायलाच हवा. करता येण्यासारखं होतं, पण मिळणार किती? इथे दोघांनी थांबून आकडेमोड केली, आणि ती पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. ७० मिमी पाणी म्हणजे ६९० पास्कल. वातावरणाचा दाब १,०१,३२५ पास्कल. फायदा ०.७ टक्के. २८० किमी/तासाला धावणाऱ्या गाडीला साडेतीन टक्क्यांपर्यंत मिळू शकतात, १४५ ला नाही.

वहीतले ते १४ अंश आता कामाला आले. हवेची घनता प्रत्येक ३ अंशांना जवळपास १ टक्क्याने बदलते. पुढून आलेली हवा बाहेरपेक्षा फक्त ४ अंशांनी गरम होती. जुन्या एअरबॉक्सच्या मानाने १० अंशांची घट, म्हणजे ३ टक्क्यांहून थोडी जास्त घनता, आणि तीही प्रत्येक वेगाला. जे मिळण्यासारखं होतं ते थंडाव्यात होतं, दाबात फारसं काही नव्हतं.

म्हणून चौथा पर्याय ठरला: दाब सोडायचा, थंड हवा ठेवायची.

दुसरी फेरी: एअरबॉक्स

डबा तोच ठेवला. तोंडं बदलली. नंबर प्लेटमधलं भोक बुजवलं आणि दोन्ही बाजूंना, प्लेटच्या मागे, वाऱ्याला आडवी अशी दोन तोंडं काढली. प्रत्येकी ४५ मिमी व्यासाचा, ३५० मिमी लांबीचा पाइप. बाहेरच्या तोंडाला आणि डब्याच्या आतल्या टोकाला १० मिमी त्रिज्येची गोलाई दिली. कापलेल्या पाइपची धारदार कड हवेला आत वळताना भिंतीपासून सोडवते आणि ४५ चा पाइप चाळिशीचा असल्यासारखा वागतो.

दोन पाइपांमागे आणखी एक कारण होतं. एकसिलिंडर इंजिन सतत हवा ओढत नाही, झटके देतं. ८,५०० आरपीएमला सेकंदाला ७१ झटके. डबा आणि पाइप मिळून एक ठरावीक कंपनसंख्या बनते. ५ लिटरचा डबा, ४५ चा एक पाइप आणि टोकांची भर धरून ३८० मिमी परिणामी लांबी, यातून ती सुमारे ५० हर्ट्झ येते, म्हणजे ६,००० आरपीएमच्या आसपास. त्याच्या वर डबा मदत करायचं सोडून आडवा येऊ लागतो. दोन पाइप लावले की क्षेत्रफळ दुप्पट आणि कंपनसंख्या १.४ पट: ७० हर्ट्झ, ८,४०० आरपीएम. पाइप अर्ध्या लांबीचा करूनही जवळपास हेच साधतं, पण मग तोंड थंड हवेपर्यंत पोचत नाही.

बाऊलचा व्हेंट ५ मिमीच्या नळीने एअरबॉक्सच्या स्वच्छ बाजूला, फिल्टरच्या आत, एका शांत कोपऱ्यात नेला आणि टोकाला पेट्रोलने न विरघळणाऱ्या स्पंजचा तुकडा बसवला, म्हणजे डब्यातले झटके बाऊलपर्यंत जात नाहीत. आता डब्यातला दाब वातावरणापेक्षा १० मिमी पाण्याच्या आतच वर-खाली होत होता, त्यामुळे पेट्रोलच्या उताराला धक्का नव्हता. फिल्टर धुळीने भरला तरी बाऊल आणि व्हेंचुरी दोन्ही फिल्टरच्या एकाच बाजूला असल्याने मिश्रण हलत नाही, हा वरचा लाभ.

घरी फायबरचा डबा बनवणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळायच्या असतात. एक, फिल्टरच्या आतल्या बाजूला सुटू शकेल असं काहीही नको: पॉप रिव्हेट नाही, स्क्रू नाही, फायबरचे मोकळे धागे नाहीत. नटबोल्ट लावायचे तर नट बाहेरच्या बाजूला, तारेने बांधलेले. आतून रेझिनचा आणखी एक हात देऊन पृष्ठभाग बंद करावा. दोन, डब्याच्या सर्वांत खालच्या बिंदूला पाणी आणि उलटलेलं पेट्रोल बाहेर जायला चपट्या रबरी तोंडाची एकतर्फी नळी हवी. कार्ब्युरेटर कधी उलटा फडकतो, आणि डब्यात साठलेलं पेट्रोल तेव्हा पेट घेऊ शकतं.

दुसरी फेरी: पोर्ट

२९ मिमीचं हेड बाजूला ठेवलं आणि दुसरं, न छेडलेलं हेड घेतलं. या वेळी घासण्याआधी फ्लो बेंच (पोर्टमधून किती हवा जाते ते मोजायचं साधन) उभा केला: दोन वेट-ड्राय व्हॅक्यूम क्लीनर, प्लायवुडची पेटी, दोन मॅनोमीटर. सगळी मापं २५४ मिमी पाण्याच्या ओढीला घेतली. हेड ६३.५ मिमी आतल्या व्यासाच्या नळीवर बसवलं, कारण सिलिंडरची भिंत व्हॉल्व्हची एक बाजू झाकते आणि तो परिणाम मापात यायला हवा. पोर्टच्या तोंडाला चिकणमातीची गोल कड लावली. ती नसेल तर प्रवाह तोंडाशीच तुटतो आणि आत काहीही केलं तरी आकडा हलत नाही.

बेंच खरं बोलतो का, ते आधी तपासावं. हेडच्या जागी ३० मिमीचं, तीक्ष्ण कडेचं भोक असलेली पत्र्याची चकती ठेवली तर २५४ मिमीला सेकंदाला सुमारे २७.८ लिटर यायला हवेत. पहिल्यांदा ३१ दिसले. पेटीचा एक सांधा हवा खात होता.

मग दोन्ही हेडची तुलना झाली. मूळ हेड: २ मिमी लिफ्टला ८.७ लिटर, ४ मिमीला १७.०, ८ मिमीला २७.०. मोठ्या पोर्टचं हेड: ८.७, १६.४, २९.४. पूर्ण लिफ्टला ९ टक्के वाढ, पण मध्ये उलट घट. व्हॉल्व्ह कमी उघडा असतो तेव्हा हवेची वाट पोर्ट ठरवत नाही. व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामधली फट ठरवते, आणि तिचं क्षेत्रफळ म्हणजे परीघ गुणिले लिफ्ट. ३१ मिमीच्या व्हॉल्व्हला ही फट पावणेआठ मिमी लिफ्टपर्यंत व्हॉल्व्हच्या क्षेत्रफळापेक्षा लहानच राहते. या कॅमवर पूर्ण लिफ्ट ८ मिमीची, म्हणजे पोर्टचा मोठेपणा उपयोगी पडतो तो क्षणभर. आणि ४ मिमीला घट का? पोर्टच्या आतल्या वळणाची, शॉर्ट साइडची, गोलाई घासताना सपाट झाली होती. हवा ते वळण घेऊ शकत नव्हती, तळापासून सुटून पलीकडच्या भिंतीकडे फेकली जात होती.

वेगाचाही हिशोब होता. ६,००० आरपीएमला २६ च्या पोर्टमध्ये हवेचा सरासरी वेग ७४ मी/से, २९ च्या पोर्टमध्ये ६०. पिस्टन वर फिरल्यावरही हवा स्वतःच्या झोकाने आत शिरत राहते, तो झोक या वेगातून येतो. सहा हजारांवरचा गेलेला टॉर्क इथे गेला होता.

नव्या हेडमध्ये पोर्टचा व्यास २६ च ठेवला. काम फक्त व्हॉल्व्हच्या आसपास, दीड-दोन सेंटिमीटरच्या पट्ट्यात. सीट तीन कोनांत कापली: वर ३०, मध्ये ४५, खाली ६० अंश. ४५ ची पट्टी १.१ मिमी रुंद. तिच्याखालचा गळा २६.६ मिमी, म्हणजे व्हॉल्व्हच्या ८६ टक्के. सीटच्या रिंगखाली ओतकामाची एक कड उरलेली असते, बोटाचं टोक फिरवलं की ती नखाला लागते. ती गोल करून मिसळून टाकली. शॉर्ट साइडला फक्त धार बोथट केली, उंची कमी केली नाही. व्हॉल्व्हच्या मागच्या कडेला ३० अंशांचा बॅक-कट (जास्तीचा उतार). ८० नंबरच्या सँडपेपरवर थांबलं. इनटेकला आरशासारखी चकाकी द्यायची गरज नसते. मापं आली ९.३, १८.२ आणि २८.३. पूर्ण लिफ्टला मोठ्या पोर्टपेक्षा कमी, बाकी सगळीकडे जास्त.

परिणाम

नव्या पिस्टनसह डायनोवर ८,७०० आरपीएमला १८.१ अश्वशक्ती, म्हणजे पहिल्या फेरीपेक्षा अर्ध्या अश्वशक्तीने कमी. ६,००० ला टॉर्क १५.६ न्यूटन-मीटर. मेन जेट १२० वर बसला. दोन गियरची चाचणी पुन्हा केली: दुसऱ्यात १२.८, पाचव्यात १२.९. प्लगचा इन्सुलेटर फिकट तपकिरी, ठिपके नाहीत. लॅप ७३.९.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या फेरीत पोर्ट, एअरबॉक्स आणि जेट एकाच दिवशी बदलले. त्यामुळे लॅप बिघडला तेव्हा दोष मधल्या टॉर्कचा की लीन मिश्रणाचा, हे सांगता येत नव्हतं. दोन्ही होते आणि दोघांची कारणं वेगळी होती. एअरबॉक्स आधी लावून एक दिवस चालवली असती तर दोन गियरची चाचणी त्याच दिवशी झाली असती आणि पिस्टन वाचला असता.

मॅनोमीटरला लागते ती दोन मीटर नळी आणि रंगीत पाणी. एअरबॉक्सच्या तोंडाची जागा ठरवण्याआधी नुसती नळी वेगवेगळ्या ठिकाणी धरून दाब पाहिला असता, तर ०.७ टक्क्यासाठी हवाबंद डबा बनवायचा की नाही हा प्रश्न तिथेच सुटला असता. नॉकिंग ऐकू आल्यावर त्याच सत्रात थांबायला हवं होतं. रायडरने आणखी दोन लॅप मारले, आणि पिस्टनची कड बहुधा त्या दोन लॅपमध्येच गेली. पोर्टच्या बाबतीत तर परतीची वाटच नसते: घासलेलं ॲल्युमिनियम परत येत नाही. इपॉक्सीने तळ भरता येतो, पण त्यासाठी पृष्ठभाग खरवडून, तेलाचा अंश काढून, बारीक खाचा पाडून पकड द्यावी लागते, आणि तो तुकडा सुटला तर थेट व्हॉल्व्हखाली जातो. म्हणून आधी बेंच, मग ग्राइंडर.

दोन पाइपांमुळे डब्याची कंपनसंख्या वर गेली, त्याची किंमत ५,४०० आरपीएमच्या आसपास एका छोट्या खड्ड्याच्या रूपाने मोजावी लागली. सर्वांत संथ वळणातून बाहेर पडताना गाडी नेमकी तिथे यायची. डबा मोठा करणं, पाइपांत झडप बसवणं, असे उपाय सुचले होते. शेवटी मागचं ४२ दातांचं स्प्रॉकेट काढून ४४ चं लावलं. त्या वळणात आरपीएम ५,६५० वर गेलं, सरळ पट्ट्याच्या शेवटी इंजिन नव्या ८,७०० च्या शिखराशी पोचू लागलं, आणि लॅप ७३.४ वर आला.